सत्याची छडी

दिवाळीची सुरुवात आपल्याकडे गोठ्यातून होते, ही गोष्ट मला फार आवडते. लक्ष्मीचा मान मागाहून; आधी गाय आणि तिचे वासरू. वसुबारसेच्या दिवशी घरातली बाई गहू आणि दूधदुभते वर्ज्य करते, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते, आणि दिवेलागणीला सवत्स धेनूला ओवाळते. दूध हे मुळात वासराचे आहे, ही कबुली माणूस वर्षातून एक दिवस का होईना देतो. पुढे पाडव्याला नवरा-बायको, आणि भाऊबिजेला भाऊ-बहीण. सारा सण नात्यांचाच आहे. फक्त त्याचा आरंभ जनावरापासून होतो.

गेल्या वसुबारसेला मी आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या सरांच्या ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घरी गायीच्या पूजेची तयारी चालली होती. इतक्यात त्या घरातला सातवीतला मुलगा धावत आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "सर, माणूस माकडापासून झाला ना? आजी म्हणते देवाने केला. मी आत्ता तिला सांगतो की तुझे सगळे खोटे आहे."

सरांनी त्याला शेजारी बसवले. "माकडापासून झाला असे कोणी सांगितले तुला? आज झाडावर दिसते ते माकड आपला आजोबा नव्हे. ते आणि आपण चुलत भावंडे. तुझा चुलत भाऊ तुझा बाप असतो का? नाही. पण दोघांचा आजोबा एक असतो. तसेच हे. चिंपांझी आणि माणूस यांचा समाईक पूर्वज अदमासे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. आणखी मागे जा, कोट्यवधी वर्षे मागे जा. तिथे ती समोरची गायसुद्धा आपल्या भाऊबंदांत निघते."

मुलाचे डोळे मोठे झाले. नवे हत्यार हाती आल्यासारखा तो उठला. तेव्हा सर म्हणाले, "थांब. आजीला सांगायला माझी ना नाही. पण तुला आजीला काही सांगायचे आहे, की तिला हरवायचे आहे? तेवढे आधी ठरव आणि मग जा."

मुलगा गेला. सर मात्र बराच वेळ गप्प होते. मग ते जे बोलले, त्यानेच हा लेख लिहायला मला भाग पाडले.

सर देव मानीत नाहीत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही आणि कधी मिरवलीही नाही. पस्तीस वर्षे त्यांनी मुलांना विज्ञान शिकवले. मी मराठी शिकवणारा. शास्त्राशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. नव्याने नोकरीला लागलो त्या वर्षी शाळेच्या एका समारंभात मी मोठ्या आवेशाने भाषण ठोकले होते, की उत्क्रांतीचा सिद्धांत आपल्या पूर्वजांना दशावतारांच्या रूपाने केव्हाच ठाऊक होता. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग अर्धा सिंह अर्धा माणूस, मग वामन! टाळ्याही पडल्या. सर त्या वेळी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला पिंपळाच्या पारावर गाठले आणि हळू आवाजात म्हणाले, "कालचे भाषण छान झाले. पण एक सांगू का? अवतार वरून खाली येतो, काहीतरी हेतू धरून येतो. उत्क्रांतीला हेतू नसतो आणि तिची शिडीही नसते. ते झाड आहे, फांद्या फुटत जाणारे. त्यात मासा ही पहिली पायरी आणि आपण शेवटची, असे नाही. मासाही आजचाच आहे आणि आपणही आजचेच आहोत. आणि दुसरे असे, की पुराणाला शास्त्राचे प्रमाणपत्र कशाला हवे? ते त्याच्यावाचून इतकी शतके उभे आहेच की!"

मी ओशाळलो; पण दुखावलो नाही. चूक दाखवताना माणसाने चारचौघांची वेळ न निवडता पाराची निवडली, याचे मला तेव्हा केवळ कौतुक वाटले होते. ती निवड त्यांना किती महागात शिकावी लागली होती, ते मला गेल्या वसुबारसेला कळले.

"तुम्ही ज्याला माझा समजूतदारपणा म्हणता," सर म्हणाले, "तो मी तुमच्या काकूंकडून शिकलो. आणि शिकेपर्यंत अकरा वर्षे गेली."

काकू वारकरी घराण्यातल्या. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी त्या प्रथम आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी गेल्या. अडीचशे किलोमीटरची ती वाट चालून घरी आल्या, तेव्हा ओट्यावर सरांचे चार सोबती बसले होते. काकूंनी सगळ्यांच्या हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला. सर तेव्हा तिशीतले. नवे वाचन, नवा उत्साह. ते सहज बोलून गेले, "एवढी तू चाललीस, पण त्याने विटेवरून एक पाऊल तरी पुढे टाकले का?" सोबती खो खो हसले. काकूंनी ताटली खाली ठेवली आणि त्या आत गेल्या.

"भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत," सर म्हणाले. "त्यापुढेही त्या दर वर्षी वारीला गेल्या. पण परत आल्यावर वाटेतली एक गोष्ट म्हणून त्यांनी मला सांगितली नाही. कुठे पाऊस लागला, कोणाच्या ओसरीवर निजल्या, कोण भेटले, काही नाही. घरातले एक दार बंद झाले आणि ते बंद आहे हे कळायलाही मला बराच काळ लागला. मी जे बोललो ते माझ्या मते खरेच होते. पण मी ते तिला समजावे म्हणून बोललो नव्हतो. सोबत्यांनी हसावे म्हणून बोललो होतो. वर्गात मी कधी छडी वापरली नाही याचा मला अभिमान होता. घरात मात्र मी सत्याचीच छडी केली."

सत्याची छडी! हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. खोटे बोलू नये हे आपण मुलांना रोज शिकवतो. खरे कसे बोलावे हे मात्र कोणत्याच इयत्तेत शिकवले जात नाही. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाटते, त्या भांडणात देव आहे की नाही या प्रश्नाइतकाच दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. ज्यांचे याबाबत पटत नाही अशा दोन माणसांनी एका छपराखाली, एकमेकांशी खोटे न बोलता, कसे राहावे? पहिला प्रश्न पंडितांचा आहे. दुसरा आपणा सर्वांचा आहे.

गंमत अशी की या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरांना ज्याच्या चरित्रात सापडले, तो उत्क्रांतीच्या सिद्धांताचा जनक चार्ल्स डार्विनच होता. जगाला डार्विन ठाऊक आहे तो बीगल जहाजावरचा आणि १८५९ साली ग्रंथ लिहून खळबळ उडवून देणारा. घरातला डार्विन फारसा कोणाला माहीत नसतो. त्याने १८३९ च्या जानेवारीत एमा वेजवुडशी लग्न केले. एमा त्याच्या मामाची मुलगी. म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ घरांना ओळखीचाच वाटावा असा हा संबंध. एमा मनापासून श्रद्धाळू होती. डार्विनच्या मनात तेव्हाच शंकांनी घर केले होते. त्याच्या वडिलांनी त्याला व्यवहारी सल्ला दिला होता, की धर्माविषयीच्या शंका बायकोपासून लपवून ठेव. डार्विनने तो मानला नाही. लग्नापूर्वीच त्याने एमाला सारे सांगून टाकले.

तिला दुःख झाले. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी तिने त्याला एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्यावाचून काही मानायचे नाही, ही शास्त्रज्ञाची सवय. पण ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्धच होऊ शकत नाहीत तिथेही ती सवय तुमच्यावर अंमल चालवीत नसेल ना, असे तिने त्यात भीत भीत विचारले होते. मरणानंतर आपली ताटातूट होईल की काय, ही तिची खरी धास्ती होती. डार्विनने ते पत्र जन्मभर जपून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर ते पाहिले तर खाली त्याच्या हातचा मजकूर होता. मी गेल्यावर हे जाणून असावे, की या पत्राचे मी कितीदा चुंबन घेतले आहे आणि त्यावर किती आसवे गाळली आहेत, अशा अर्थाचा.

त्याचे मत बदलले नाही. तिचेही बदलले नाही. पुढे रविवारी घरची मंडळी चर्चमध्ये जात, तेव्हा डार्विन त्यांच्याबरोबर चालत जाई आणि दारातून एकटाच फिरायला निघून जाई. ते दोघेही त्या दारापर्यंत सोबत जात होते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

पण सरांना खरा धक्का दिला तो १८४४ सालच्या एका पत्राने. सिद्धांताचा विस्तृत मसुदा त्या वर्षी तयार झाला होता. प्रसिद्ध करायचे धैर्य मात्र होत नव्हते. प्रकृतीचाही भरवसा नव्हता. तेव्हा डार्विनने पत्र लिहून ठेवले, की मला अचानक मरण आले तर हा मसुदा प्रसिद्ध करावा. त्यासाठी चारशे पौंड बाजूला काढावेत आणि योग्य संपादक शोधावा. हे पत्र कोणाच्या नावे होते? कोणा शास्त्रज्ञ मित्राच्या नव्हे. एमाच्या!

"विचार करा," सर म्हणाले, "ज्या विचाराने तिची श्रद्धा दुखावणार, तोच विचार त्याने तिच्या स्वाधीन केला. आणि ती तो जाळून टाकणार नाही, याची त्याला खात्री होती. मी मात्र माझ्या बायकोला माझे कपाटसुद्धा लावू देत नव्हतो. पुस्तके तिला काय कळणार म्हणून!"

पुढे १८५१ साली त्यांची लाडकी मुलगी ॲनी वयाच्या दहाव्या वर्षी माल्व्हर्न येथे वारली. डार्विन तिच्या उशाशी होता. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती घरीच अडकून पडली होती. त्या एकाच दुःखातून दोघे दोन दिशांना गेले. एमा श्रद्धेच्या आधाराने उभी राहिली. डार्विनच्या मनातली उरलीसुरली श्रद्धा त्या मृत्यूने पुसली गेली, असे त्याचे चरित्रकार मानतात. पण त्या दिवशी त्याने एमाला जे लिहिले त्यात देवाचा वाद नाही. आता आपण एकमेकांना अधिकाधिक धरून राहिले पाहिजे, एवढेच त्याचे सांगणे होते.

येथे वाचक म्हणतील, ठीक आहे. मग सत्य बोलूच नये का? घरातली शांतता राखायला गप्प बसावे, हेच तात्पर्य ना? नव्हे. छडी उगारणे ही जशी चूक, तशी सत्य कपाटात कोंडून ठेवणे हीही चूकच आहे. आणि ती प्रेमळ माणसांकडूनही होते. डार्विन १८८२ साली वारला. त्याचे आत्मचरित्र १८८७ साली त्याच्या मुलाने प्रसिद्ध केले, तेव्हा धर्माविषयीचे काही कठोर परिच्छेद त्यातून गाळले गेले. श्रद्धा नसणाऱ्यांना अनंतकाळ शिक्षा होते, या कल्पनेवर त्याने त्यात कडक टीका केली होती. ती वगळावी अशी एमाचीच इच्छा होती. तिच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण गाळलेले ते सारे चांगली सत्तर वर्षे उलटून १९५८ साली, डार्विनची नात नोरा बार्लो हिने परत छापले, तेव्हाच तो माणूस जगाला पुरता दिसला. पुसलेले सत्य कोणाला तरी, केव्हा तरी, पुन्हा लिहावेच लागते.

आपल्याकडेही २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. मुलांवरचे ओझे कमी करण्यासाठी, असे कारण देण्यात आले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी मंडळींनी त्याविरुद्ध सह्या करून पत्र काढले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागातला पहिलाच धडा होता. ती बातमी वाचून सर मला म्हणाले होते, "ओझे धड्याचे नसते हो. आपण कोणाचे कोण, हे न कळता जगण्याचे ओझे त्याहून जड असते."

मी एकदा सरांना माझ्या मनातली शंका विचारली होती. उत्क्रांती म्हणजे बळी तो कान पिळी. मग ती खरी मानून माणूस निर्दय नाही का होणार? सर हसले. 'जो अधिक लायक तो टिकतो' हा शब्दप्रयोग मूळ डार्विनचा नव्हेच, हर्बर्ट स्पेन्सरने तो १८६४ साली काढला आणि डार्विनने मागाहून उचलला, असे त्यांनी सांगितले. आणि लायक म्हणजे दांडगा नव्हे. त्या त्या परिस्थितीत जो निभावून संतती मागे ठेवतो तो. डार्विनने १८७१ सालच्या ग्रंथात असेही मांडले, की ज्या समूहात एकमेकांविषयी कळवळा असणारी माणसे अधिक, तो समूह अधिक भरभराटतो. मग सरांनी मला इराकमधल्या शानिदार गुहेची गोष्ट सांगितली. तेथे १९५७ साली राल्फ सोलेकीच्या हाती निअँडरथल जातीच्या एका माणसाचा सांगाडा आला. तो चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. उजवा हात निकामी, डाव्या डोळ्याजवळचे हाड चेचलेले, चालणे लंगडे. आणि तरीही जखमा भरून येऊन तो पुढे बरीच वर्षे जगला होता! एकटा असता तर तो निभावता का? कोणीतरी त्याच्यासाठी थांबले असले पाहिजे, कोणीतरी आपल्या घासातला घास दिला असला पाहिजे, असे अभ्यासकांना वाटते. त्या गुहेत देवाविषयी काय मत होते कोण जाणे. पण शेजारी कोणीतरी होते.

तेव्हा उत्क्रांती नाते सांगते, आणि संतांचा धर्मही नाते सांगतो. पण म्हणून नाते आपोआप जोडले जाते, असे मात्र नाही. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या गाढ्या अभ्यासक. त्या वारीत चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी जे टिपले ते आजही टोचते. एकाच दिंडीत, एकाच नामघोषात चालणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसत होती. पाय एका वाटेवर, पंगती वेगळ्या. शास्त्राने सिद्ध केलेले नाते असो की कीर्तनात गायलेले, ते घरात आणायचे काम शेवटी ज्याचे त्यालाच करावे लागते.

सरांनी ते कसे केले? अकराव्या वर्षी काकू वारीहून परत आल्या त्या लंगडत. टाचेला खोल भेग पडली होती. डार्विनचे चरित्र सरांनी नुकतेच वाचून संपवले होते. त्यांनी घंगाळात कोमट पाणी काढले, काकूंचे पाय धुतले आणि भेगांत कोकमाचे तेल भरता भरता विचारले, "यंदा वाटेत काय काय झाले?"

काकूंनी वर न पाहता विचारले, "हसणार नाही ना?"

"हसणार नाही," सर म्हणाले, "पण पटले असेही म्हणणार नाही."

"ते कोणी मागितलेय?" काकू म्हणाल्या. आणि मग मध्यरात्रीपर्यंत त्या बोलत राहिल्या. अकरा वर्षांच्या वाटा त्यांच्या पोटात साठल्या होत्या.

काकूंना जाऊन आता सहा वर्षे झाली. त्यांचे देव सरांनी भाचीकडे दिले. "ती मनापासून पूजा करते. मी केली असती तर ते देवाशी नव्हे, हिच्याशी खोटे वागणे झाले असते," ते म्हणतात. पण दर आषाढात पालखी लोणंदला मुक्कामाला आली की सर तेलाची बाटली घेऊन तिथे जातात आणि दमलेल्या वारकऱ्यांचे पाय चोळत बसतात. वारकरी त्यांना 'माउली' म्हणून वाकून नमस्कार करतात. सरही त्यांना करतात. मी विचारले, "सर, यात श्रद्धा नाही?" ते म्हणाले, "मला पाय दिसतो. टांझानियात लेटोली येथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या तुकडीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी कोणी दोघे-तिघे दोन पायांवर ताठ चालत गेले होते. असाच अंगठा बोटांच्या रांगेत, अशीच टाच. तेव्हापासूनचा पाय हातात घ्यायला मिळतो, हे मला पुरते. त्यांना त्यात देव दिसतो. आम्ही दोघे एकच पाहतो असे मी म्हणणार नाही. पण पाय चोळायला तेवढे एकमत लागत नाही."

त्या वसुबारसेच्या संध्याकाळी समोरच्या घरात निरांजन हलताना आम्हाला दिसले. थोड्या वेळाने मुलगा परत आला. चेहरा काहीसा गोंधळलेला.

"सांगितलेस का आजीला?" सरांनी विचारले.

"सांगितले. म्हटले, आजी, गाय आपली लांबची नातेवाईक आहे. तर ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर ओवाळते."

मी मोठ्याने हसलो. सर हसले नाहीत. ते मुलाला म्हणाले, "आजी म्हणते ते नाते आणि मी सांगितले ते नाते एकच आहे, असे समजू नकोस. माझे कसे कळले ते मी तुला पुढे शिकवीन. त्याला पुरावा लागतो. तिचे कसे कळले ते तिला विचार. आणि ती सांगेल तेव्हा पुरते ऐकून घे."

मुलाने मान डोलावली आणि गोठ्याकडे पळाला. आजीने त्याच्या हातावर बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेवला. त्याने तो अर्धा मोडून वासरापुढे धरला.